मुलुंडपर्यंत ढकललेली ऑटोमॅटिक

विषय: शहरातल्या गर्दीत चालवण्यासाठी गिअरची मोटार बरी की ऑटोमॅटिक, याबाबत.

संदर्भ: सोसायटीतल्या मंडळींनी जिन्यात, गच्चीवर आणि वाण्याच्या दुकानात वेळोवेळी केलेली तोंडी विचारणा.

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येतं, की या बाबतीत माझं मत ऐंशीच्या दशकात जे होतं तेच आजही आहे. गिअरची घ्या. प्रश्न संपला.

पण लोक ऐकतात कुठे? "का?" म्हणून विचारतात. 'का' म्हटलं की मला मिलिंदच्या लग्नाची हकिकत सांगावी लागते. ती ऐकून मंडळी पोट धरून हसतात आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ऑटोमॅटिकच बुक करून येतात! हसा, तुम्हीही हसा. चहा गार करू नका, आणि शेवटी तुम्हीच ठरवा, त्या दिवशी गाढव कोण होतं. मी, की ती मोटार?

मिलिंद माझा भाचा. धाकट्या बहिणीचा, शालूचा मुलगा. शालूचे यजमान लवकर गेले, त्यामुळे पोरगा आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांतच वाढला. सायकल मी शिकवली, भागाकार मी शिकवला, पहिली दाढी करताना गाल कापून घेतला तेव्हा तुरटीही मीच लावली. आता लग्नात मुलाच्या मागे मामा उभा राहतो, हे काय तुम्हाला सांगायला हवं? मधे अंतरपाट, पलीकडे वधू आणि तिच्या पाठीशी तिचा मामा, अलीकडे मिलिंद आणि त्याच्या पाठीशी मी. पोरगा चड्डीत होता तेव्हापासून हे चित्र मी मनात टांगून ठेवलं होतं. मला मानपान नको होता, उपरणं नको होतं. फक्त मिलिंदच्या मागची ती फूटभर जागा हवी होती.

दुसरं पात्र दिगू. दिगंबर, माझ्या बायकोचा भाऊ. मस्कतला बरीच वर्षं नोकरी करून परतला तो जहाजातून एक जपानी मोटार घेऊनच. स्टिअरिंग डावीकडे. मागे लाल अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं, म्हणजे मागून येणाऱ्याने आपापलं बघून घ्यावं. आणि गाडी ऑटोमॅटिक! आमच्या बिल्डिंगमधली पोरं आत डोकावायची आणि विचारायची, "अंकल, क्लच चोरीला गेला काय?"

"भावोजी, मुंबईच्या ट्रॅफिकला हीच गाडी," दिगू म्हणायचा. "घाटकोपरहून कुर्ल्याला जाईपर्यंत माणूस क्लच दाबून दाबून लंगडा होतो. इथे डाव्या पायाला फुल आराम."

"मग तो पाय भाड्याने दे," मी म्हटलं.

"एकदा चालवून तर बघा!"

"कुठला गिअर टाकू हे जी गाडी मला विचारत नाही, ती मी चालवली असं कसं म्हणायचं? ती मला फिरवून आणणार!"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, भावोजी."

"मग गप्प बस."

इथे एक बाब नमूद करतो. माझ्याकडे त्या वेळी लायसन्स होतं, मोटार नव्हती. ऑफिसच्या जीपवर मी शिकलो होतो. ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि मोटार नाही, त्याच्याइतकं ठाम मत मोटारींविषयी कुणाचंच नसतं. त्याची गाडी कधी पंक्चर होत नाही ना!

लग्न मुलुंडला, पाच रस्त्याच्या जवळच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त बाराच्या आतला. तो चुकला तर पुढचा थेट गोरज, आणि संध्याकाळी तो हॉल दुसऱ्या लग्नाला दिलेला. वधूचे वडील सावंत, फार शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, "थोडा उशीर चालतो असं मुलाकडच्यांनी कृपया समजू नये."

वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागून फुलांनी मढवलेली जपानी मोटार निघाली. दिगू सुटाबुटात चालवायला, त्याच्या शेजारी मी, मागे मुंडावळ्या बांधलेला मिलिंद आणि त्याचे दोन मित्र. एसी गार, कॅसेटवर सनई. विक्रोळी गेली, कांजूर गेलं, भांडुप गेलं. एकदा गाडीने हिसका दिला असेल तर शपथ. मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, बरी आहे हो. पण तोंडाने बोललो नाही.

सोनापूरच्या अलीकडे रस्त्यात एक ट्रक आडवा झालेला. सगळं ठप्प.

"दिगू, इंजिन बंद कर," मी म्हटलं.

"असू दे ना भावोजी, हलेल आता."

"काय हलेल? पेट्रोल फुकट जाळायचं? बंद कर!"

मी त्यांच्या घरचा जावई. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. दिगूने इंजिन बंद केलं.

"पण सनई राहू दे," मी म्हटलं, "शुभ असते. आणि तो पंखाही राहू दे, मिलिंदला घाम यायला नको."

तर सनई वाजतेय, पंखा फिरतोय, इंजिन बंद, आणि आम्ही बसलोय. होता होता सनईचा आवाज जड व्हायला लागला. वाजवणाऱ्याला झोप आल्यासारखा. मग ती रडायला लागली. मग थांबलीच. पुढचा ट्रक हटला, मागच्यांनी भोंगे सुरू केले, दिगूने किल्ली फिरवली आणि गाडी नुसती 'टक्' म्हणाली.

दिगूने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात जावयाचा मान वगैरे काही शिल्लक नव्हतं.

"बॅटरी उतरली."

"आपोआप?" मी विचारलं.

तो सरळ खाली उतरला. आम्ही गाडी ढकलून बाजूला घेतली. पुढे मुलुंडला त्याच्या ओळखीचं गॅरेज होतं. एक रिक्षा थांबवून तो आत बसला आणि बाहेर मान काढून म्हणाला, "बॅटरी घेऊन आलोच मी. किल्ली गाडीतच आहे. पण हात लावू नका हं, भावोजी! इथेच थांबा!"

रिक्षा गेली. मी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. दिगूचा पत्ता नाही.

आता मला सांगा, मुंबईत बंद पडलेल्या गाडीला आपण काय करतो? बॅटरी आणायला जातो? छे! धक्का मारतो. ह्या शहरात माणूस पडला तर लोक आधी विचार करतील, पण गाडी बंद पडली की न विचारता चार हात मागे लागतात. टॅक्सी, टेम्पो, साहेबाची जीप, सगळ्यांना हेच एक औषध. किल्ली फिरवा, दुसरा गिअर टाका, ढकला, क्लच सोडा, झालं! मी ऑफिसची जीप अशीच चालू करत आलो होतो. किंबहुना ती दुसऱ्या कुठल्या प्रकारे चालू होते असं मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"उतरा रे," मी मिलिंदच्या मित्रांना म्हटलं. "धक्का मारू."

"मी पण उतरतो, मामा," मिलिंद म्हणाला.

"तू नवरदेव आहेस. हलायचं नाही."

मी डावीकडे जाऊन चालकाच्या जागी बसलो. पायाने क्लच शोधला. नव्हता. ठीक आहे. मधल्या दांड्यापाशी काही इंग्रजी अक्षरं होती, त्यांच्या भानगडीत मी पडलो नाही. पण खाली चक्क दोनचा आकडा होता! म्हणजे दुसरा गिअर होता की! दिगूने इतके महिने मला फसवलं होतं. मी दांडा दोनवर आणला, किल्ली फिरवली आणि ओरडलो, "मारा!"

गाडी हलली. स्टिअरिंगमागचा लाल दिवा मिणमिणला.

"लागतेय! लागतेय! जरा जोरात!"

लागली नाही. एक सायकलवाला उतरून मागे लागला. बसस्टॉपवरचे दोघे आले. बाजूच्या पिठाच्या गिरणीतून एक धिप्पाड गृहस्थ डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला बाहेर आला. बनियन, खांद्यावर टॉवेल.

"काय झालां? धक्को व्हयो? थांबा, मी इलंय!"

त्याने हात लावला आणि गाडी अशी उडाली की माझी टोपी मागच्या सीटवर मिलिंदच्या मांडीत.

"मामा," मिलिंद टोपी देत म्हणाला, "रिक्षा रिकामी जातेय."

"नवरदेव रिक्षातून उतरणार? सावंतांच्या दारात? गप बस. मुंडावळ्या सांभाळ."

"पण मुहूर्त..."

"आता लागेल बघ!"

मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले ओरडायला लागले, म्हणून मी गाडी आतल्या रस्त्याला वळवली. वळवली म्हणजे काय, इंजिन बंद असलं की त्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं होतं, मी त्याला लोंबकळलो तेव्हा कुठे वळली. त्याच वेळी, हे मला मागाहून कळलं, दिगू मांडीवर बॅटरी घेऊन रिक्षातून सोनापूरला पोचला. बघतो तर मोटार नाही, नवरदेव नाही, भावोजी नाहीत. रस्त्यावर फक्त झेंडूच्या पाकळ्या. बिचारा मोठ्या रस्त्याने मागे भांडुपपर्यंत आणि पुढे मुलुंडपर्यंत फेऱ्या मारत आम्हाला शोधत राहिला.

इकडे आमची संख्या वाढत होती. मुंबईकराला ढकलायला कारण लागत नाही, फक्त जागा लागते.

"कुणाची गाडी आहे?" एकाने धावता धावता विचारलं.

"काय माहीत, यार! लगीन आहे वाटतं."

"इंपोर्टेड दिसते. ह्यांना आपलं पेट्रोल चालत नाही ना?"

"ओ काका, गिअर टाका ना!"

"टाकलाय!" मी ओरडलो. "तुम्ही कमी पडताय!"

हे ऐकून गिरणीवाला पेटला. "कमी? आमका कमी म्हणता?" तो दोन्ही हात लावून असा रेटायला लागला की वाटेतला गतिरोधक आम्ही ओलांडला नाही, त्यावरून उडालो.

पाच रस्त्याच्या जवळ बँडवाले ठरल्याप्रमाणे उभे होते. गाडीचा वेग पाहून त्यांना आनंदच झाला असावा, कारण मोटारीपुढे चालता चालता वाजवणं त्यांना पहिल्यांदाच जमत होतं. ढोल सुरू झाला. ढोल ऐकून आणखी माणसं आली. बँड पुढे, नवरदेव मधे, मागे पंचवीस-तीस अनोळखी माणसं आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज, "लागतेय! लागतेय!"

हॉलचं फाटक चढावर होतं. शेवटचा चढ त्यांनी गाडी जवळजवळ उचलूनच नेली. फाटकाशी मी ब्रेक दाबला. तोही दगड! दोन्ही पाय लावून उभाच राहिलो त्याच्यावर, तेव्हा गाडी थांबली.

सावंत पुढे आले. मला वाटलं आता शिस्तीवर व्याख्यान होणार. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी!

"इंजिन बंद करून माणसांनी आणलात हो मुलाला!" ते म्हणाले. "आमच्या घराला इतका मान कुणी दिला नव्हता. चला, चला, भटजी थांबलेत!"

 असा गैरसमज मी आयुष्यात कधी दूर केलेला नाही आणि तेव्हाही केला नाही.

मिलिंद उतरून धावला. मुंडावळ्यांची गाठ सुटली होती. गिरणीवाल्याने ती मागून दोन्ही हातांनी धरली आणि तोही त्याच्यामागे धावला. मित्र धावले, ढकलणारे सगळे धावले, कारण आत पेढे वाटतायत असं कुणीतरी म्हणालं. फाटकाशी राहिलो मी.

मी ब्रेकवरून एक पाय उचलला. गाडी मागे सरकली! पाय परत दाबला. हँडब्रेक शोधला. हँडब्रेक दोन सीटच्या मधे असतो, हे जगातल्या कुणालाही ठाऊक आहे. तिथे नव्हता! मागे सरळ उतार, आणि उताराच्या टोकाला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्यापुढे बाकांवर बसून रस पिणारी माणसं.

"अरे, कुणीतरी चाकाला दगड लावा रे!" मी ओरडलो.

बँडवाल्यांना वाटलं मला आणखी वाजवायला हवंय. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि सगळी ताकद लावून वाजवू लागले. आतून भटजींनी हात केला तेव्हा कुठे थांबले.

आणि मग लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली.

मी ऐकली. सगळी ऐकली. फाटकाबाहेर, उन्हात, दोन्ही पाय ब्रेकवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. प्रत्येक कडव्याला 'सावधान' यायचं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी सबंध मुलुंडात माझ्याइतका सावधान कुणी नव्हता. ज्या पोराला मी खांद्यावरून फिरवलं त्याचं लग्न माझ्यापासून पन्नास पावलांवर लागत होतं आणि मी एका जपानी मोटारीला धरून बसलो होतो.  घामाने चष्मा खाली आला तो वर करायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात टाळ्या झाल्या, बँड सुरू झाला. लागलं लग्न.

त्याच वेळी रिक्षातून दिगू उतरला. सुटावर बॅटरीचे काळे डाग.

"भावोजी! इथे काय करताय?"

"ब्रेक धरलाय! सोडला तर गुऱ्हाळात जाईल!"

दिगूने खिडकीतून हात घातला, मधला दांडा धरला आणि टोकापर्यंत पुढे सारला. खट्ट.

"उतरा."

"सुटेल!"

"नाही सुटत. पार्किंग लावलंय. ह्या गाडीला त्यासाठीच असतं ते."

मी हळूच एक पाय उचलला. मग दुसरा. गाडी शहाण्यासारखी उभी. दिगूने बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू!

"दोन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "सोनापूरला थांबला असतात तर. ह्या गाडीचं इंजिन धक्क्याने लागत नाही, भावोजी. मुलुंडपर्यंत काय, मस्कतपर्यंत ढकलली असतीत तरी लागलं नसतं."

मी खाली उतरून कपडे झटकले. "म्हणजे धक्का मारून लागतसुद्धा नाही?" मी विचारलं. "मग ही गाडी कसली रे? आपली जीप असती तर सोनापूरलाच लागली असती!"

दिगूने बॉनेट आपटून लावलं. ह्या प्रश्नाला त्याच्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. हा मुद्दा कृपया नोंदवून ठेवावा.

मी आत धावलो. अक्षतांचा सडा पडलेला, मिलिंद आणि वैशाली हार घालून उभी, आणि मिलिंदच्या मागे, माझ्या फूटभर जागेत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा गिरणीवाला! मुंडावळ्या धरून, छाती काढून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने. फोटोग्राफर खचाखच फोटो काढतोय.

झालं होतं असं, की भटजींनी विचारलं, "मुलाचे मामा कुठे आहेत?" मिलिंदला धाप लागलेली, बोलवेना. त्याने नुसता हात मागे केला, फाटकाच्या दिशेने, माझ्या दिशेने. पण मधे गिरणीवाला उभा. भटजी म्हणाले, "बरं, तिथेच उभे राहा, हलू नका." आणि तो बिचारा हललाही नाही.

"अगं, तू सांगायचंस ना!" मी शालूला म्हटलं.

"काय सांगू, दादा? अष्टक थांबवू? आणि ते इतके छान उभे होते रे!"

मी भटजींना विनंती केली, "शेवटचं एक कडवं पुन्हा म्हणा, फोटोपुरतं."

"लागलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही," भटजी म्हणाले.

मी ह्यावर वाद घातला. हरलो.

गिरणीवाल्याला सावंतांनी मामाचं उपरणं आणि नारळ दिला, पहिल्या पंगतीत बसवलं, जिलबीचा आग्रह केला. जाताना त्याने मिलिंदच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मला म्हणाला, "डायव्हर, तू जेवलंस मां?"

आजही मिलिंदकडे गेलात तर तो अल्बम बघायला मिळेल. वैशालीची मुलं प्रत्येक पाहुण्याला तो फोटो दाखवतात: "हे बाबांचे मामा. आणि हे आजोबा आहेत ना, हे त्या दिवशी गाडी चालवत होते."

चालवत होतो! निदान एवढं तरी कबूल करतात. बंद पडलेली मोटार गर्दीतून मुलुंडपर्यंत आणून नवरदेवाला मुहूर्तावर पोचवणारा दुसरा माणूस मला दाखवा. मी हात जोडीन.

मिलिंदच्या लग्नाचा मोठा वाढदिवस आता जवळ आला आहे. त्या दिवशी घरच्या घरी पुन्हा अंतरपाट धरावा, मंगलाष्टकं म्हणावीत आणि मुलाच्या मागे मला उभं करावं, असा रीतसर अर्ज मी मिलिंदला दिला. तो त्याने वैशालीकडे पाठवला. वैशालीचा शेरा असा, की आपली हरकत नाही, मात्र लग्नात मामा म्हणून प्रत्यक्ष उभे राहिलेले गृहस्थ वेगळे असल्याने त्यांचं ना-हरकत पत्र सोबत जोडावं.

मी सोनापूरच्या अलीकडे जाऊन आलो. गिरणीच्या जागी आता मोटारींची शोरूम आहे. गिरणीवाले कुठे गेले, तिथे कुणाला ठाऊक नाही. अर्ज प्रलंबित आहे.